अष्टमीला न उघडणारी झडप

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एक झडप चुकीची बनवली. नंतर बरीच कामं केली, काही चांगली झाली, पण नव्वदच्या दशकातल्या त्या दिवसांचा विचार केला की आधी ती झडपच समोर येते.

पेणच्या खाडीकडच्या गावांत भातशेती आणि खारं पाणी यांच्यामध्ये फक्त एक मातीचा बांध असतो. आत शेतं, बाहेर खाडी. पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून बांधातून दगडी मोरी काढलेली असते, तिला उघाडी म्हणतात. मोरीच्या खाडीकडच्या तोंडावर वरून बिजागरीला लटकवलेली झडप असते. भरती आली की खाडीचं पाणी तिला बाहेरून दाबतं आणि ती बंद होते. ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलतं आणि बाहेर पडतं. वीज नाही, इंजिन नाही, माणसाचा हात नाही. दिवसातून दोनदा ती आपली आपण उघडते आणि मिटते, आणि तिच्या भरवशावर अख्खं गाव भात लावतं.

या बांध-उघाड्यांची कामं बघणाऱ्या पेणच्या एका सरकारी कचेरीत मी कनिष्ठ अभियंता होते. सिव्हिलचा डिप्लोमा केलेली, रोह्याची मुलगी. वडील धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जायचे. आठवडाभर मी पेणला भाड्याच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी पॅसेंजरने रोह्याला घरी जायचे. साइटवर जाणारी बाई कचेरीत मी एकटीच. गावात गेले की लोक आधी माझ्या मागे कोणी साहेब येतोय का ते बघायचे.

ज्या गावची ही गोष्ट, त्या गावच्या उघाडीची झडप ऐनाच्या लाकडाची होती. शेजारच्या गावातल्या इस्रायली सुताराने ती केली होती. इस्रायली म्हणजे आमच्याकडचे मराठी बोलणारे ज्यू. तो सुतार बायकामुलांसह कधीच इस्रायलला निघून गेला होता आणि तसं काम करणारं दुसरं कोणी आसपास उरलं नव्हतं. खाडीत लाकूड पोखरणारा एक किडा असतो. त्याने झडपेला इतकी भोकं पाडली होती की भरतीचं पाणी आत पाझरायचं. मोरीलगतच्या शेतांत भात पिवळं पडू लागलं होतं. नवी झडप बसवणं भाग होतं, आणि ती लोखंडी करायची असं मी सुचवलं. लोखंडाला किडा लागत नाही.

माप घ्यायला गेले तेव्हा बांधावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. सत्तरीच्या घरातले, अंगात बंडी, गुडघ्यापर्यंत चिखल. उघाडीत अडकलेला पालापाचोळा काढायचं, बिजागरीला तेल घालायचं काम ते वर्षानुवर्षं करत होते. कोणी नेमलेलं नव्हतं. त्यांचं शेत सगळ्यात खोलगट भागात होतं, म्हणून त्यांना काळजी जास्त.

"लोखंडी करताव?" त्यांनी विचारलं.

"हो बाबा. वीस वर्षं बघायला नको."

"करा. पन जड करू नका, बाय. जड झाली तर आतलं पानी तिला उचलायचं नाय."

मला ते पटलं. मी त्यांचा शब्द डावलला असता तर आज निदान सरळ सांगता आलं असतं की म्हाताऱ्याचं ऐकलं नाही आणि फसले. पण मी ऐकलं होतं. मोरीचं तोंड मातीच्या गोण्यांनी बुजवून जुनी झडप काढली, आणि त्याच दिवशी ओलीच्या ओली टेम्पोत घालून वडखळच्या एका वखारीत नेली आणि काट्यावर चढवली. मग पत्र्याची जाडी आणि मागच्या पट्ट्या अशा धरल्या, की नव्या झडपेचं वजन जुनीइतकंच भरावं. तयार झाल्यावर तीही त्याच काट्यावर चढवली. दोघींत जेमतेम दोन किलोंचा फरक. त्या दिवशी मी फार खुशीत होते.

मे महिन्यात झडप बसली. गच्च बसावी म्हणून चौकट जराशी तिरकी ठेवली होती. पहिल्या मोठ्या भरतीला बाबा मोरीच्या आतल्या तोंडाशी वाकून बसले आणि बराच वेळ बघत राहिले. थेंब आत आला नाही. "बरी जाली," एवढंच म्हणाले. जुनी झडप त्यांनी घरी नेली. त्यांच्या सुनेने ती तळ्याकाठी कपडे धुवायला टाकली.

जूनच्या अखेरीस बाबा एसटीने पेणला कचेरीत आले. टेबलासमोर उभे राहिले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"झडप नीट उघडत नाय."

"केव्हापासून?"

"अष्टमीला नाय उघडली. आतलं पानी आतच ऱ्हायलं."

मी चार दिवसांनी गेले. तेव्हा अमावास्या जवळ आली होती. ओहोटीला पाणी खूप खाली गेलेलं, आणि झडप छान हातभर उघडून पाणी धो धो बाहेर पडत होतं. मी बाबांकडे बघितलं.

"आता उघडते," ते म्हणाले. "अमावस-पुनवेला उघडते. अष्टमीला नाय."

लोखंडाच्या झडपेला तिथी कशी कळणार, असं मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं नाही, पण चेहऱ्यावर दिसलं असणार. बिजागरीला ग्रीस लावायला सांगितलं, वहीत "पाहणी केली, झडप सुस्थितीत" असं लिहिलं आणि शेवटच्या गाडीच्या आत परत आले. ते वाक्य मला आजही तसंच दिसतं, निळ्या शाईत, माझ्या वळणदार अक्षरात.

जुलैत लावणी उरकली आणि पाठोपाठ मोठा पाऊस लागला. तीन दिवस खळ नाही. चौथ्या दिवशी सकाळी गावातून कचेरीत फोन आला. माणसाने नाव सांगितलं नाही, फक्त "म्याडमला पाठवा" म्हणाला. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. अष्टमी होती.

पोहोचले तेव्हा दुपारचे बारा वाजत आले होते, म्हणजे ओहोटीची वेळ. बांधावरून आत बघितलं तर शेतं दिसतच नव्हती. बांधापासून घरांपर्यंत नुसतं गढूळ पाणी, आणि त्यात मधेमधे रोपांची टोकं. खोलगट भागात तीही नाहीत. मोरीपाशी सात-आठ माणसं होती. त्यांनी झडपेला दोर बांधला होता आणि बांधावरून ओढून ती वर धरली होती. दोर सैल सोडला की झडप खाली येऊन पुन्हा चार बोटांच्या फटीवर थांबायची. आतलं पाणी त्या चार बोटांतून जेवढं जाईल तेवढंच.

कोणी माझ्यावर ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. एकाने नुसतं सरकून मला जागा दिली.

बाबांनी खाडीकडे बोट केलं. "बघ बाय. आज ओहोटी हाय ना? तरी भायेरचं पानी कुठं हाय?"

बाहेरचं पाणी झडपेच्या अर्ध्याहून वर होतं. भांगाचे, म्हणजे मंद भरती-ओहोटीचे दिवस होते. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती खूप चढते आणि ओहोटी खूप उतरते. अष्टमीच्या सुमाराला भरतीही बेताची आणि ओहोटीही बेताची. हे मी शिकले होते. पण याचा अर्थ झडपेच्या बाजूने काय होतो ते मी कधी बघितलं नव्हतं. अमावास्येला ओहोटीच्या वेळी ती बरीचशी हवेत लटकते, आणि आत-बाहेरच्या पाण्यातला फरक एवढा मोठा असतो की काहीही ढकललं जाईल. अष्टमीला ती ओहोटीतही पाण्यातच बुडालेली राहते, आणि आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा जेमतेम वीतभर वर असतं. तेवढ्या वीतभर पाण्याने तिला ढकलायचं असतं.

"जुनी ढकलली जायची?" मी विचारलं.

"फुंकर घातली तरी हलायची," बाबा म्हणाले.

"पण वजन तर तेच आहे. मी स्वतः काट्यावर घातलंय."

बाबांनी दोर धरलेल्या माणसांना तो जरा वर घ्यायला सांगितला. मग म्हणाले, "तू काट्यावर घातलंस. काटा कुठं होता?"

"वडखळला. वखारीत."

"म्हंजे सुक्यात."

ते हे टोमणा म्हणून बोलले नव्हते. त्यांना बाकीचं माहीत होतं असंही मला वाटत नाही, ते फक्त काटा कुठे होता ते विचारत होते. पण मी तिथे पायाखालचा चिखल बघत उभी राहिले आणि मला आठवीचं विज्ञानाचं पुस्तक आठवलं, राजाच्या मुकुटाचा धडा. वस्तू पाण्यात बुडवली की तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकी ती हलकी होते. रोह्याच्या शाळेत मी तो धडा तोंडपाठ म्हणून दाखवला होता आणि बाईंनी शाबासकी दिली होती.

मी बाबांच्या घरी गेले. सून तळ्याकाठी होती. जिताडे मासे सोडलेलं ते तळं, शेताच्या पाण्यात मिसळू नये म्हणून तिने कडेने मातीची वरंडी घातली होती आणि तिलाच आणखी माती लावत होती. माझ्याच वयाची. तिला मी ताणकाटा आहे का विचारलं. तिने घरातून हुकाचा काटा आणला, मासळी तोलायचा. जुन्या झडपेचं टोक सडून सुटलं होतं, तो तुकडा मी हुकाला बांधला.

"किती?" मी विचारलं.

"चार किलो."

"आता पाण्यात सोड. पूर्ण बुडू दे, पण तळाला टेकू देऊ नकोस."

तिने काठावर बसून हात खाली केला. काट्याची सुई सरकत सरकत जवळजवळ शून्यावर आली. तिने तुकडा वर काढला, पुन्हा बुडवला. "हे तर काय वजनच नाय," ती म्हणाली.

मग घरातल्या मोडक्या लोखंडी अवजारांचे चार किलो भरतील एवढे तुकडे बांधले. पाण्यात सोडले. सुई साडेतीनच्या आसपास थांबली आणि हलेना.

तिने लोखंडही वर काढून पुन्हा बुडवलं. मला वाटलं आता ती मला बोल लावेल. तिचं शेत त्या क्षणी पाण्याखाली होतं, आणि ते पाण्याखाली कशामुळे आहे ते तिच्या हातात लटकत होतं. ती म्हणाली, "मंग ही लाकडासारखी होईल असं काय करता येईल का?"

मी हुकावरचं लोखंड सोडवलं. "बघते," म्हटलं.

पाच दिवस गावाने दिवसाच्या प्रत्येक ओहोटीला दोर ओढून पाणी काढलं. मी रोज येऊन त्यांच्यात उभी राहायचे. माझ्या ओढण्याने काही फरक पडत नव्हता, पण कचेरीत बसवत नव्हतं. भरती लागायच्या आत दोर सोडायला लागायचा. विसरलं तर खारं पाणी आत, म्हणजे त्या वर्षाचंच नव्हे, पुढच्या दोन वर्षांचंही पीक गेलं. बाबा पाण्याची कड बघत बसायचे आणि "सोडा" म्हणायचे. उधाण जवळ येऊ लागलं तशी झडप पुन्हा आपली आपण उघडू लागली. पाणी उतरलं. वरच्या शेतांतलं भात तगलं. खोलगट भागातलं कुजलं, बाबांचं त्यातच.

कचेरीत आमचे उपअभियंता निवृत्तीला आलेले होते. कमी बोलणारे. मी त्यांच्यासमोर बसले तेव्हा त्यांनी आधीच एक कागद पुढे ठेवला होता.

"मोरीसमोर गाळ साचल्याने झडप उघडली नाही, असं लिहा. दरवर्षी गाळ साचतोच."

"साहेब, गाळ नव्हता."

"मला माहीत आहे."

मी तो कागद तसाच ठेवला आणि त्या रात्री माझ्या खोलीत बसून अहवाल लिहिला. झडपेचं वजन हवेत धरलं, पाण्यात धरलं नाही. चौकट तिरकी ठेवल्याने ती उघडायला आणखी जड झाली. जूनमध्ये तक्रार आली असता भांगाच्या दिवशी पाहणी केली नाही. खाली माझी सही. सकाळी तो त्यांच्या टेबलावर ठेवला. नोकरी कायम व्हायची होती.

त्यांनी तो दोनदा वाचला. पेन काढून एक शुद्धलेखनाची चूक सुधारली. मग माझ्या सहीच्या खाली स्वतःची सही केली.

"नकाशावर माझीपण सही होती," ते म्हणाले. "मीपण सुक्यातच बघितलं. आता उपाय काय ते सांगा."

माझी नोकरी पुढे कायम झाली, फक्त एक वर्ष उशिरा. त्या अहवालामुळे की आणखी कशामुळे ते मी कधी विचारलं नाही.

उपाय मला सुनेच्या प्रश्नातून सुचला होता. लोखंड लाकडासारखं करायचं तर त्याला पोकळी द्यायला हवी. झडपेच्या बाहेरच्या अंगाला पत्र्याच्या बंद पेट्या जोडायच्या. पेट्यांत हवा, बाहेर पाणी. पेटी जेवढं पाणी बाजूला सारेल तेवढं वजन झडपेचं कमी होईल. पण सगळं कमी करायचं नाही. थोडं राखायचं, नाहीतर भरतीला ती मिटायचीच नाही. हे थोडं म्हणजे किती, यावर मी चार दिवस कागद खराब केले.

डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे वेल्डिंग करणारा एकजण त्याच गावचा होता. सुट्टीच्या दिवशी त्याने पेट्या जोडल्या. पेटीला सुईएवढं भोक राहिलं तरी ती हळूहळू पाण्याने भरणार, म्हणून त्याने प्रत्येक पेटीला सायकलचा व्हॉल्व्ह बसवला, पंपाने हवा भरली आणि जोडांवरून साबणाचा फेस फिरवला. दोन ठिकाणी बुडबुडे आले. तिथे पुन्हा वेल्डिंग, पुन्हा फेस. शेवटी व्हॉल्व्ह काढून ती भोकंही बुजवली.

"अशी तपासणी कंपनीत शिकलात?" मी विचारलं.

"नाय म्याडम. पंक्चरवाल्याकडं."

चौकटीचा तिरकेपणाही आम्ही काढला. ऑगस्टमधल्या अष्टमीला बारा वाजता मी बांधावर होते. रात्री पाऊस झाला होता, पण फार नाही. बाहेरचं पाणी झडपेच्या अर्ध्यावर होतं. आतलं पाणी हळूहळू त्याच्यावर चढत गेलं, दोन बोटं, चार बोटं. मग झडप हलली. मोठा आवाज नाही, काही नाही, नुसती बाहेर सरकत गेली आणि तिच्याखालून गढूळ पाण्याचा पट्टा खाडीत पसरू लागला. बाबांनी हात आत घालून फट मोजली. कोपरापर्यंत आली.

"आता जुनीवानी जाली," ते म्हणाले.

मी त्यांच्या शेताबद्दल विचारलं. शेजाऱ्यांकडे उरलेली रोपं आणून सुनेने निम्म्या शेतात पुन्हा लावणी केली होती. उशिराची लावणी, दाणा किती भरेल सांगता येत नव्हतं. पावसाळा संपेपर्यंत मी दर अष्टमीला जाऊन झडप बघून येत राहिले. दिवाळीनंतर कळलं की निम्म्यातलंही निम्मंच आलं. मी माफी मागायची म्हणून गेले होते, पण ओटीवर बसल्यावर पिकाचंच विचारत राहिले. चहा झाला. बाबा म्हणाले, "तू आलीस ना दर अष्टमीला." त्याच्यापुढे विषय गेला नाही. मला अजून कळलेलं नाही की त्यांनी मला माफ केलं होतं, की हा माफ करण्या-न करण्याचा विषयच त्यांच्या लेखी नव्हता.

पुढे माझी बदली रोह्याकडच्या कामांवर झाली. दशक संपता संपता एकदा वडखळपर्यंत जायचं होतं, तेव्हा वाट वाकडी करून त्या गावात गेले. बाबा आदल्या वर्षी गेले होते. उघाडी आता सून बघत होती. मला बघून ती हसली आणि बांधाकडे घेऊन गेली.

पेट्या दिसत नव्हत्या. खाऱ्या पाण्याने त्यांचा पत्रा गंजला होता. आत पाणी शिरून झडप पुन्हा जड झाली होती. ते मला अपेक्षित असायला हवं होतं. लोखंडाला किडा लागत नाही, पण गंज लागतो. पेट्यांच्या जागी झडपेला प्लॅस्टिकचे दोन निळे कॅन नायलॉनच्या दोरीने आवळून बांधले होते, झाकणं मेणाने बंद केलेली. धाटावच्या कंपन्यांतून निघालेले तसले रिकामे कॅन तेव्हा आमच्याकडे घरोघरी पाण्याला असायचे.

"हे कोणी केलं?"

"मीच. कचेरीत दोनदा सांगून आले. कोन आलं नाय."

"दोनच का लावलेस?"

"आधी तीन लावले होते," ती म्हणाली. "मंग ती भरतीला बंदच होईना, भायेर तरंगत ऱ्हायची. दोरीने ओढून धरली आनि एक सोडला. दोन बरोबर हायेत."

मी कागद मागितला. तिच्याकडे नव्हता, म्हणून माझ्या तिकिटाच्या पाठीमागे कॅनचं माप आणि झडपेचं माप लिहिलं आणि बांधावर बसूनच आकडेमोड केली. तीन कॅन लावले की झडपेचं पाण्यातलं वजन जवळजवळ काहीच उरत नव्हतं. दोन लावले की थोडं उरत होतं. मी तिला आकडे दाखवले. तिने ते बघितले, मान हलवली आणि सैल झालेली एक गाठ पुन्हा आवळायला खाली उतरली.